गाणार कोणी नाही

काचेच्या वडीचं खूळ रत्नागिरीत शिरलं तेव्हा केतकी रेडीज मनसोक्त हसली होती. ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. बारशाचे फोटो वडीत, सातबारा वडीत, आजोबांचं भजन वडीत. वडी म्हणजे खरोखरच नारळाच्या वडीएवढा काचेचा चौकोनी तुकडा. लेझरनं काचेच्या पोटात बारीक टिंबं मारायची, ती म्हणे हजारो वर्षं जात नाहीत, पाण्यात टाका नाहीतर चुलीत घाला. हजार वर्षांनी आपल्या बारशाचे फोटो कोण बघत बसणार आहे, हे मात्र जाहिरातीत कुठेच नव्हतं.

पण हसणारी माणसंच शेवटी रांगेत उभी असतात. केतकीच्या कपाटात स्टीलच्या डब्यात एक जुनी हार्ड डिस्क होती. तिच्यात तिच्या लग्नाचा व्हिडिओ. लग्नाचा वाढदिवस आला की ती, नवरा मिलिंद आणि आई असे तिघं तो व्हिडिओ लावून बसत. मुलगी इरा लहान होती तोवर "मी कुठाय?" म्हणून दर वर्षी भांडायची. मग घरातला जुना कॉम्प्युटर बंद पडला, ती डिस्क जोडायची वायर बाजारातून नाहीशी झाली, आणि डबा कपाटात गेला. मिलिंद दोन-तीनदा म्हणालाही, "टाकून दे गं तो डबा, काय करायचंय आता." केतकीनं टाकला नाही. यंदा लग्नाला बत्तीस वर्षं होत होती. मिलिंदला न सांगता व्हिडिओ वडीवर घ्यायचा आणि त्या दिवशी समोर ठेवायचा, असं तिनं ठरवलं. तिला वाटलं, किती खूश होईल तो.

मारुती मंदिराजवळच्या वडी केंद्रात तिला शमा काझी भेटली. शमा तिची जुनी विद्यार्थिनी. केतकीनं शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे गावात कुठेही गेलं तरी काउंटरच्या पलीकडे एखादं ओळखीचं तोंड असायचंच.

"बाई, वरचाच थर नेऊ की सगळे?" शमानं विचारलं.

"थर कसले? भाकरी आहे का ती?"

शमा हसली आणि समजावून सांगायला लागली. जुनी डिस्क म्हणजे आरशासारखी गुळगुळीत तबकडी, आणि तिच्यावर चुंबकाचे डोळ्यांना न दिसणारे कण. लिहिणारी सुई त्या कणांची तोंडं कुणाचं इकडे, कुणाचं तिकडे फिरवत जाते, आणि त्या इकडेतिकडेतूनच फोटो, गाणी, पत्रं सगळं तयार होतं. नवं लिहिलं की जुनं गेलं, असं सगळे धरून चालले होते. पण सुई दर वेळी अगदी त्याच वाटेनं जात नाही, किंचित सरकते. जमीन सारवताना नवा हात जुन्यावर तंतोतंत बसत नाही, कडेला जुन्या सारवणाची किनार राहून जाते, तसंच. फक्त ही किनार इतकी पुसट की ती वाचेल असं काही जगात नव्हतं.

ते काम हिऱ्यानं केलं. हिऱ्यात कार्बनच्या एका अणूच्या जागी नायट्रोजन बसला आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी राहिली, की ती जोडी हिरव्या उजेडात लाल चमकते. जवळपास चुंबक असेल तशी ती चमक कमीजास्त होते, आणि चुंबक कितीही अशक्त असला तरी तिला कळतो. असे दोष मुद्दाम पेरलेली हिऱ्याची पातळ पट्टी तबकडीवरून फिरवायची आणि कडेच्या सगळ्या किनारींचा नकाशा काढायचा. मग कोणतं आधीचं, कोणतं नंतरचं, याचं गणित यंत्र सोडवत बसतं. मधेमधे भोकं राहतात, पण पुष्कळसं निघतं.

"म्हणजे पुसलेलंही येतं?"

"बाई, पुसलेलंच तर येतं," शमा म्हणाली. "म्हणून तर आधी विचारतो आम्ही. बहुतेक लोक वरचाच न्या म्हणतात."

म्हणणारच. हे यंत्र आल्यावर पहिल्या वर्षात किती घरांत भांडी वाजली, त्याची मोजदाद नाही. कुणाच्या वडिलांचं पहिलं मृत्युपत्र निघालं, कुणाच्या बायकोची कॉलेजमधली पत्रं. लोक शहाणे झाले आणि वरवरचं घेऊन घरी जायला लागले.

केतकीला लपवण्यासारखं काही आठवेना. उलट एक गोष्ट आठवली.

"सगळे काढ," ती म्हणाली.

आता ती गोष्ट सांगायला हवी. लग्नाआधी केतकी शेट्ये नावाची एक मुलगी पीएच.डी. करत होती. विषय बेडूक. देवकातळ गावाच्या वर कातळाचा मोठा सडा, म्हणजे उघडं पठार आहे. आठ महिने भाजून निघालेला आणि पावसाळ्यात डबक्यांनी भरलेला. त्या डबक्यांच्या कडेला, दगडांच्या खाली, नखाएवढे बेडूक राहायचे. केतकी चार पावसाळे तिथे जाऊन त्यांचे आवाज टिपत होती. त्यांतला एक आवाज कुठल्याच पुस्तकात नव्हता. शिवणयंत्र हळू चालवावं तशी टिकटिक, मधेच थांबायची, मग दोन टाके जास्तीचे. गावातल्या बायका त्या बेडकीला शिंपीण म्हणत. केतकीला खात्री होती की ही जात नवी आहे. आवाज, मापं, फोटो, सगळं तिनं घरच्या कॉम्प्युटरवर 'सडा' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलं होतं. दुसरी प्रत? काढायचीच होती, पुढच्या महिन्यात. जर्मनीतल्या एका विद्यापीठानं पुढच्या कामासाठी जागा देऊ केली होती. मिलिंदशी साखरपुडा झाला होता, पण लग्न जर्मनीहून आल्यावर, असं तिनं स्पष्ट सांगितलं होतं.

आणि मग एक दिवस ती देवकातळहून घरी आली तर 'सडा' नव्हता. व्हायरस आला, डिस्क गेली, मिलिंदनं दारातच सांगितलं. तो संगणकातलाच माणूस, आधी येऊन खटपट करत बसला होता. स्क्रीन काळी, पण खालचा डबा घूंऽऽ करत चालू होता. "हात लावू नकोस," तो म्हणाला होता, "अजून एक प्रयत्न चालू आहे आत." ती त्या घूं आवाजाकडे बघत जमिनीवर बसली आणि लहान मुलासारखी रडली. मिलिंद तिच्याशेजारी जमिनीवर बसला, तिचा हात धरला आणि म्हणाला, "मी आहे ना."

प्रयत्न फुकट गेला. मिलिंदनं डिस्क कोरी करून पुन्हा वापरात आणली. मार्गदर्शक बाईंनी दुसरा विषय घे म्हणून सुचवलं, जर्मनीची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली, आणि पुढच्या ज्येष्ठात लग्न झालं. ते 'मी आहे ना' केतकीनं किती जणांना सांगितलं असेल. इराला सांगितलं, शाळेतल्या मैत्रिणींना सांगितलं. त्या दिवशी मी मनानं लग्न केलं, असं म्हणायची ती.

दुसऱ्या दिवशी दुपारी शमाचा फोन आला. "बाई, तीन थर निघालेत. या तुम्ही."

वरच्या थरात लग्न. अगदी खालच्या थरात एक फोल्डर, त्याचं नाव 'सडा'.

शमानं एक फाइल लावली. आधी खरखर, मग वारा, मग पंचवीस वर्षांच्या केतकीचा आवाज: "आज सोमवार. देवकातळचा सडा. गाणार, शिंपीण." हे असं बोलायची सवय तिला आईकडून लागली होती. आई, म्हणजे रजनी शेट्ये, घरी गाण्याचा क्लास घ्यायची आणि मुलांच्या गाण्याचं रेकॉर्डिंग करायची. लाल बटण दाबलं की आधी वार आणि गाणाऱ्याचं नाव सांगायचं, मगच सूर, हा तिचा नेम. आणि मग टिकटिक सुरू झाली. थांबली. दोन टाके जास्तीचे. केतकीनं तोंडावर हात दाबून धरला. इतक्या वर्षांनी ऐकूनही पुढचा टाका कधी पडणार ते तिला ठाऊक होतं. तिला इतका आनंद झाला की शमाला मिठीच मारली.

"पण शमा, ही डिस्क तर व्हायरसनं बिघडली होती."

"छे. तबकडीवर ओरखडासुद्धा नाही. हे पुसलंय, आणि मग वर भरलंय." शमा जरा घुटमळली. "बाई, मधला थर वेगळाच आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसता आवाज. एकच रेकॉर्डिंग, दिवसचे दिवस चाललेलं. कुणीतरी मुद्दाम डिस्क भरल्यासारखं."

"लाव."

आईचा आवाज आला. साठीच्या आतला, खणखणीत.

"आज बुधवार," आई म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. मग जरा खालच्या आवाजात, "गाणार कोणी नाही."

आणि मग खरंच कोणी गायलं नाही. पंखा फिरत होता. रस्त्यावरून मासळीवाली ओरडत गेली. कुकरच्या शिट्ट्या झाल्या. केतकीला पहिल्यांदा कळलंच नाही आपण काय ऐकतोय. आईला कॉम्प्युटरमधलं एवढं एकच काम येत होतं, लाल बटण दाबून रेकॉर्डिंग चालू करणं. तेही मिलिंदनंच शिकवलं होतं.

"यातलं बोलणं तेवढं काढता येईल?" तिनं विचारलं. शमानं शांततेचे तास वगळून माणसांचे आवाज एकामागे एक लावले.

मिलिंदचा आवाज, आईला उद्देशून: "मावशी, चालू आहे ना?"

"लाल दिवा आहे बाबा. पण हे आपलं बोलणंही जातंय का रे आत?"

"जाईना का. सगळं झालं की हेही मी पुसणार आहे."

"नुसतं पुसून भागलं नसतं का? कॉम्प्युटर किती दिवस असा चालू ठेवायचा?"

"नुसतं पुसलेलं दुकानवाले परत काढतात, मावशी. वर काहीतरी लिहावं लागतं. पूर्ण भरली की मग कुणाच्या बापालाही निघायचं नाही."

मग कुकरची शिट्टी. मग आई: "तिच्या जिवाला लागेल रे."

"लागेल चार दिवस. आणि जर्मनीला गेली, तर परत येईल असं वाटतं तुम्हाला?"

पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला.

शमानं हात पुढे केला होता बंद करायला. केतकीनं मानेनंच नको म्हटलं. पुढे काय येणार ते तिला कळलं होतं आणि ते ऐकल्याशिवाय तिला उठता येणार नव्हतं. दार वाजलं. चपला काढल्याचा आवाज. "आई, डब्यातलं लोणचं सांडलं बघ सगळं," असं म्हणत एक मुलगी आत आली. मग मिलिंद हळू आवाजात काही बोलला. मग "हात लावू नकोस, अजून एक प्रयत्न चालू आहे आत." मग रडणं. स्वतःचं इतकं जुनं रडणं ऐकायची पाळी कुणावर येऊ नये. मग आईचा आवाज, "रडू नको बाळा, चहा टाकते." मग तो. "मी आहे ना."

ते रडणंसुद्धा शिंपिणीवर जाऊन बसत होतं. ती ज्या घूं आवाजाकडे आशेनं बघत बसली होती, तोच आवाज तिचं काम गिळत होता, तिच्याच रडण्यानं.

मग बाथरूमचं दार लागलं, बादलीत पाणी पडायला लागलं. आईनं कुजबुजत विचारलं, "किती राहिलंय रे अजून?"

"थोडंच," मिलिंद म्हणाला. "उद्यापर्यंत भरेल."

"बाई, पाणी देऊ?" शमा म्हणाली. केतकी नको म्हणाली. राग कुणावर आधी काढावा तेच तिला कळत नव्हतं. व्हायरसवर विश्वास ठेवला, नशिबावर ठेवला, आणि ज्यांनी डोळे पुसले त्यांनीच केसानं गळा कापला होता. एकानं नाही, दोघांनी मिळून. आणि तिनं? तिनं दर वर्षी त्याच डिस्कवरचं लग्न बघत पेढे वाटले होते.

"या दोन फाइली माझ्या मोबाइलवर दे," ती म्हणाली. "वडीचं उद्या सांगते."

घरी आली तेव्हा संध्याकाळचा चहा चालू होता. आई झोपाळ्यावर. पंच्याऐंशीला टेकलेली, तरी अजून दोन मुलं शिकायला यायची, आणि बेसूर झालं की ती अजूनही मांडीवर चापट मारायची, स्वतःच्या. मिलिंद बशीत बिस्किटं काढत होता. रिटायर झाल्यापासून हा चहा त्याचाच असायचा. "कुठे होतीस एवढा वेळ?" त्यानं विचारलं. "आलं घातलंय आज, ये."

केतकीनं मोबाइल टेबलावर ठेवला आणि लावला.

"आज बुधवार. गाणार कोणी नाही."

आईला कमी ऐकू यायचं, पण स्वतःचा आवाज ओळखायला कान चांगले असावे लागत नाहीत. झोपाळा थांबला. मिलिंदच्या हातातली बशी हातातच राहिली. फाइल शेवटपर्यंत वाजत राहिली. 'उद्यापर्यंत भरेल' आलं आणि संपलं.

"हे... हे निघतं?" मिलिंद म्हणाला.

बत्तीस वर्षांचा संसार आणि त्याच्या तोंडून पहिला शब्द हा निघाला. चुकलो नाही, माफ कर नाही. निघतं कसं, याचं नवल.

"निघतं," केतकी म्हणाली. "हिऱ्यानं वाचतात. तू नीट भरली होतीस हो डिस्क, काही कसर ठेवली नव्हतीस. तुझी चूक नाही."

"केतकी, ऐक. मी तेव्हा तिशीतसुद्धा नव्हतो. मला भीती वाटली."

"मग मला सांगायचं, भीती वाटते म्हणून."

"सांगितलं असतं तर थांबली असतीस?"

"नसते."

"मग?" तो म्हणाला, आणि जणू मुद्दा सिद्ध झाला अशा नजरेनं तिच्याकडे बघितलं. मग स्वतःच खाली बघायला लागला. "मी वाईट नवरा होतो का गं? एवढंच सांग. तुझ्या आईला माझ्या आईसारखं सांभाळलं. तुझ्या शाळेच्या सहली, तुझी आजारपणं. कधी वर आवाज केला का? आणि तू गेली असतीस तर इरा कुठली आली असती?"

"इराला मधे आणू नकोस."

"नाही आणत. पण आहे ते आहे."

तेच तर होतं. वाईट असता तर सोपं झालं असतं. हा माणूस रात्र रात्र तिच्या उशाशी बसला होता, तिच्या वर्गातल्या मुलांच्या उत्तरपत्रिकांची बेरीज करून देत होता, तिला एका शब्दानं दुखवत नव्हता. आणि आता केतकीला कळेना, की हे सगळं प्रेम होतं की एका बुधवारची परतफेड. यापुढे त्यानं केलेला चहासुद्धा तिला सरळ पिता येणार नव्हता.

ती आईकडे वळली. "तू काही बोलणार आहेस का?"

आईनं पदर सारखा केला. "तुझे बाबा गेले तेव्हा तू नववीत होतीस. माझं दुसरं कोण होतं? सगळ्यांच्या मुली गेल्या त्या गेल्याच. त्या शारदाची, त्या गुळेकरबाईंची. दिवाळीला फोन येतो त्यांना." तिनं झोपाळ्याची कडी धरली. "मला त्याचं वाईट वाटलं नाही असं समजू नकोस. त्यानं तुझा तो सडा पुसला तेव्हा मला बघवलं नाही."

"आणि लाल बटण दाबताना वार सांगितलास."

"सवय गं," आई म्हणाली. मग तिला एकदम काहीतरी सुचलं. तिचा चेहरा उजळला, खरोखरच उजळला. "पण आता निघालं म्हणालीस ना तू? सगळं?"

"बहुतेक."

"म्हणजे गेलं नव्हतंच ते," आई म्हणाली. तिनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "सुटले बाई मी. इतकी वर्षं मनात घेऊन बसले होते. मिळालं ना तुझं तुला परत? मग झालं तर. आता कशाला तोंड पाडून बसायचं? घे, चहा घे, निवतोय."

मिलिंदही हळूच म्हणाला, "खरंय तसं. हवं तर आता कर काम त्याच्यावर. मी मदत करतो. सगळं लावून देतो तुला."

केतकी दोघांकडे बघत राहिली. तिला वाटलं, टेबलावरचा कप भिंतीवर फेकावा. फेकला नाही. ओरडलीही नाही. त्या दोघांना आपण काय घेतलं तेच माहीत नव्हतं, आणि सांगून कळणार नव्हतं. त्यांच्या लेखी एक वस्तू हरवली होती, ती सापडली. ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि कपडे भरायला लागली. मिलिंद दाराशी येऊन उभा राहिला. "कुठे?" तिनं टॉवेल बॅगेत घातला. "किती दिवस?" तिनं बॅगेची चेन ओढली. तेव्हा तो पहिल्यांदा रडला. केतकीला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचा आणखी संताप आला. त्याच्याशेजारी बसून 'मी आहे ना' म्हणणं तिला जमलं नाही.

सकाळी ती केंद्रात गेली. शमानं वडी तयार ठेवली होती. आत काय काय उतरवायचं तेवढं सांगायचं होतं. शिवाय जुनी डिस्क परत द्यायची नाही, तिथेच दळून टाकायची, असा नियमच होता. कुणाचे कसले कसले थर उघड्यावर पडू नयेत म्हणून.

"खालचा घे," केतकी म्हणाली. "आणि मधला घे, पूर्ण. पंख्यासकट."

शमानं दोन खुणा केल्या आणि थांबली. "बाई, वरचा राहिला. लग्नाचा. त्याच्यासाठीच आला होतात ना तुम्ही?"

"राहू दे."

"डिस्क दळली की परत नाही निघायचं. तिथे हिरासुद्धा काही करू शकत नाही."

"ठाऊक आहे मला," केतकी म्हणाली.

यंत्रात डिस्क पडली आणि खडखड करत तिचा भुगा झाला. मंगलाष्टकं, वरमाला, मांडवात घोरणारे काका, आणि माहेरून निघताना आईच्या गळ्यात पडून रडणारी केतकी. केतकी तिथे उभी राहून ते सगळं ऐकत होती. वाईट वाटलं. पण वाटलं होतं त्यापेक्षा कमी वाटलं.

दुपारच्या एसटीनं ती देवकातळला उतरली. वरची चढण आता डांबरी झाली होती. चालताना तिला दम लागला, दोनदा बसावं लागलं. पाऊस पडून उघडला होता, आणि हा महिना असा, की याच वेळी पूर्वी सड्यावर दुसऱ्याचं बोलणं ऐकू यायचं नाही इतका बेडकांचा गलका असायचा.

वर पोचली आणि थांबली. लग्नानंतर ती इथे एकदाही आली नव्हती. येववलं नव्हतं. अर्धा सडा चिऱ्याच्या खाणींनी खाल्ला होता. सरळ कापलेले चौकोनी खड्डे, तळाशी लाल पाणी. उरलेल्या अर्ध्यावर क्षितिजापर्यंत सौरपट्ट्या. खालच्या गावातून बरोबर आलेल्या म्हाताऱ्या कुसुमताई घाडीगावकर, ज्यांच्या पडवीत ती तेव्हा पावसाळे काढायची, म्हणाल्या, "खाण येताना ते सरकारी साहेब आले होते गो. इचारत होते, हितं काय जगायेगळं हाय काय? कागदावर काय नोंद हाय काय? तुझी लय आठवण झाली तवा. आमी म्हटलं, एक पोरगी यायची, तिला ठाव. पण तू कुटं हायस ते आमाला काय ठाव?"

नोंद होणारच होती. फोल्डर पुसलं गेलं त्याच वर्षी होणार होती.

कुसुमताई खाली गेल्या, रात्रीच्या भाकरीचं बघायला. केतकी खाणीच्या अलीकडे उरलेल्या एका डबक्याशी बसली. संध्याकाळ उतरत होती. तिनं केंद्रातून आणलेलं वडी वाचणारं यंत्र काढलं, लहान स्पीकर दगडाच्या खाली सरकवला, पूर्वी ठेवायची तसाच, आणि शिंपिणीचा आवाज लावला. ही जुनी पद्धत. त्यांचाच आवाज त्यांना ऐकवायचा, कुणी असलं तर उत्तर देतं. टिकटिक सुरू झाली, थांबली. दोन टाके जास्तीचे. मग तिनं बंद केलं आणि कान दिले.

सौरपट्ट्यांमधून वारा गेला. डबक्यात एक थेंब पडला कुठूनसा.

तिनं पुन्हा लावलं, पुन्हा थांबली. जागा बदलली, दुसऱ्या डबक्याशी गेली, गुडघ्यांवर बसून दगड उचलून बघितले, एकेक परत जागच्या जागी ठेवला. अंधारून येईपर्यंत लावत राहिली. आई म्हणाली होती, मिळालं ना तुझं तुला परत.

शेवटी तिनं स्पीकर पिशवीत घातला आणि रेकॉर्डर बाहेर काढला. लाल बटण दाबलं. बोलायला तोंड उघडलं तेव्हा तिचा आवाज अगदी आईसारखा निघाला.

"आज शनिवार," ती म्हणाली. "देवकातळचा सडा."

बराच वेळ ती थांबली.

"गाणार कोणी नाही."

आणि रेकॉर्डिंग तिनं तसंच चालू ठेवलं.